कोणतं कार्ड बॅन करायचं? मॅजिकमधल्या बंदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळापुरती आहेत. युगिओ या तशाच दुसऱ्या खेळाचा उल्लेख तुलनेपुरताच येईल. मेंढीकोटात सगळ्यांसाठी एकच कॅट असतो, त्यामुळे चारही दहिले कोणाच्या हातात पडतील हा नशिबाचा भाग. मॅजिकमध्ये प्रत्येकजण आपापला डेक (निवडलेल्या कार्डांचा संच) घरून बांधून आणतो. एखादं कार्ड फार चांगलं निघालं की सगळेच त्याची चार चार नग घेऊन बसतात, आणि तिथून बंदीचा वाद सुरू होतो.

एखादं कार्ड बॅन होतं म्हणजे नेमकं काय होतं?

फॉरमॅट म्हणजे कोणती कार्डं चालतील हे ठरवणारा खेळाचा प्रकार: स्टँडर्ड, पायोनियर, मॉडर्न, लेगसी, व्हिंटेज वगैरे. ठरावीक फॉरमॅटच्या स्पर्धेत ते कार्ड ६० कार्डांच्या मेनबोर्डात (मुख्य डेकमध्ये) चालत नाही आणि १५ कार्डांच्या साइडबोर्डातही (दोन डावांच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांतही) चालत नाही. बाकी ठिकाणी ते जसंच्या तसं राहतं. म्हणून 'ओको बॅन आहे का?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'ओको, थीफ ऑफ क्राउन्स' हे कार्ड नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टँडर्डमधून गेलं, त्याच डिसेंबरात पायोनियरमधून, जानेवारी २०२० मध्ये मॉडर्नमधून आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लेगसीतून. व्हिंटेजमध्ये मात्र ते चालू राहिलं. वाद घालताना पहिल्याच वाक्यात फॉरमॅटचं नाव घ्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

बंदीऐवजी एकच नग ठेवायची मुभा का देत नाहीत?

व्हिंटेजमध्ये तशी वेगळी यादी आहे. त्या यादीतल्या कार्डाचा डेकमध्ये एकच नग चालतो. ब्लॅक लोटस तिथेच आहे. युगिओत तर तीन पायऱ्या आहेत: शून्य, एक आणि दोन नग. मॅजिकच्या इतर बहुतेक स्पर्धात्मक फॉरमॅटांत हे का करत नाहीत, ते गणितावरून कळेल. ६० कार्डांच्या डेकमधून पहिल्या ७ कार्डांच्या हातात एखादं कार्ड निदान एकदा येण्याची शक्यता अशी असते:

४ नग: ४०%
३ नग: ३१.५%
२ नग: २२%
१ नग: ११.७%

चारावरून एकावर आणलं की कार्ड कमी वेळा दिसतं, पण दिसतं तेव्हा तितकंच जोरात लागतं. नऊ डावांत काहीच होत नाही आणि दहाव्या डावात समोरचा केवळ त्या एका कार्डावर जिंकतो. हरणाऱ्याला हे चार नगांपेक्षाही जास्त टोचतं. व्हिंटेजच्या खेळाडूंनी ही लॉटरी जाणूनबुजून पत्करली आहे, कारण जुनी कार्डं खेळायला मिळणं हाच त्या फॉरमॅटचा हेतू आहे.

तिथेही एकदा हा उपाय फसला. एप्रिल २०२० मध्ये 'इकोरिया' सेटमधून (सेट म्हणजे एकत्र बाजारात येणारी नवी कार्डं) कम्पॅनियन आले. ही कार्डं डेकबाहेर बसतात आणि प्रत्येक डावात हमखास मिळतात. 'लरस'चा आधीच एकच नग लागायचा, मग एकावर बंधन घालून काय साधणार? शेवटी मे २०२० मध्ये व्हिंटेजमध्ये लरसवर सरळ बंदी आली.

'हे कार्ड फार ताकदवान आहे' एवढं कारण पुरेसं नाही का?

नाही. प्रत्येक फॉरमॅटात कोणतं तरी कार्ड सगळ्यांत ताकदवान असणारच. ते काढलं की दुसरं पहिल्या नंबरावर येतं. त्या कार्डामुळे फॉरमॅटला काय आजार झालाय, ते सांगता आलं पाहिजे. आजार चार-पाचच प्रकारचे असतात, पण प्रत्येकाचा पुरावा वेगळा लागतो.

पहिला आजार म्हणजे एकच डेक जास्त जिंकतो आणि त्याला उतारा नाही. याचा पुरावा आकड्यांत मिळतो.

दुसरा आजार म्हणजे विविधता मरते. डेकांची नावं वेगळी असतात, पण आत सगळ्यांत तेच कार्ड. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिचमंडच्या मिथिक चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत दोन तृतीयांशांहून जास्त डेकांत ओको होतं. तीन मॅनाचं कार्ड (मॅना म्हणजे कार्ड खेळायला मोजावी लागणारी शक्ती), आल्या आल्या लॉयल्टी (त्याचा जीव) ४ वरून ६ वर, आणि पुढच्या वळणापासून समोरच्याचं कुठलंही क्रीचर (लढणारं कार्ड) किंवा आर्टिफॅक्ट (वस्तूचं कार्ड) साधं ३/३ एल्क (ताकद ३, टिकाव ३ असलेलं हरीण) करून टाकणार. परिणाम असा की महागडी, चांगली क्रीचर खेळण्यात अर्थच उरला नाही. किती जणांनी ओको घातलं यापेक्षा ओकोमुळे कोणती कार्डं कुणी घातलीच नाहीत, हा खरा पुरावा. तो मांडायला थोडी मेहनत लागते.

तिसरा आजार घड्याळाचा आहे. स्पर्धेची फेरी ५० मिनिटांची असते, वर पाच जादा वळणं. 'सेकंड सनराइज'वर चालणारा 'एग्ज' डेक एकाच वळणात मिनिटामागून मिनिटं घालवायचा. मध्येच गाडी अडकू शकते म्हणून समोरच्याला हारही मानता येत नसे. हाताची घडी घालून बघत बसायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सिअ‍ॅटलच्या प्रो टूर या मोठ्या स्पर्धेत हा डेक जिंकला आणि २०१३ मध्ये सेकंड सनराइज मॉडर्नमधून गेलं. लेगसीत 'सेन्सेइज डिव्हायनिंग टॉप' २०१७ मध्ये गेलं, तिथेही वेळ हे एक मोठं कारण होतं: दर वळणाला वरची तीन कार्डं उचला, बघा, क्रम लावा, ठेवा. ३०० जणांच्या स्पर्धेत एक टेबल उशिरा संपलं की बाकी २९८ जण ताटकळतात.

चौथा आजार म्हणजे डाव फार लवकर संपतो आणि समोरच्याला खेळायलाच मिळत नाही. कॉम्बो डेकांवरच्या (ठरावीक कार्डं एकत्र आली की डावच संपवणाऱ्या डेकांवरच्या) बहुतेक बंद्या या खात्यात जातात.

यांखेरीज काही बंद्यांचा ताकदीशी संबंधच नाही. पैज म्हणून कार्ड लावायला सांगणारी जुनी कार्डं आहेत, आणि 'केऑस ऑर्ब'सारखं टेबलावर उंचावरून टाकायचं कार्डही आहे. जून २०२० मध्ये वंशद्वेषी चित्र, नाव किंवा मजकूर असलेली सात कार्डं सगळ्याच स्पर्धांतून काढली. त्यांवर मेटाचे (कोणते डेक किती खेळले जातात, किती जिंकतात याचे) आकडे दाखवून वाद घालणाऱ्याला विषयच कळलेला नसतो.

आकडे कोणते बघायचे, आणि लोक कुठे फसतात?

दोन आकडे बघा: मैदानात डेकचा वाटा किती आणि तो किती टक्के सामने जिंकतो. फक्त वाटा मोठा असेल तर डेक स्वस्त किंवा सोपाही असू शकतो. फक्त जिंकण्याचं प्रमाण मोठं असेल तर तो मोजक्याच मुरलेल्या खेळाडूंच्या हातात असू शकतो. दोन्ही वाढलेले असतील आणि लोक मुद्दाम त्याविरुद्ध तयारी करून येत असूनही ते खाली येत नसतील, तर गोष्ट गंभीर आहे.

सगळ्यांत जास्त चूक मिररमध्ये होते. तोच डेक त्याच डेकविरुद्ध खेळला की निकाल नेहमी ५०-५०. समजा एका डेकचा वाटा ३०% आहे आणि इतरांविरुद्ध तो ५६% जिंकतो. मिररसकट मोजलं तर ०.७ × ५६ + ०.३ × ५० = ५४.२%. म्हणजे डेक जितका जास्त पसरेल तितका तो कागदावर सौम्य दिसतो. कुणी '५४ टक्क्यांना काय बंदी घालायची?' म्हणालं की मिरर वगळलाय का, हे विचारा.

दुसरी चूक नमुन्याच्या आकाराची. १०० सामन्यांवर काढलेल्या प्रमाणात १० टक्के इकडे तिकडे नुसत्या नशिबाने होतात. ४०० सामन्यांवर ही चूक सुमारे ५ टक्क्यांवर येते, १,६०० वर अडीचवर. एका शनिवारच्या टॉप ८ मध्ये पाच डेक सारखे दिसले म्हणून आरडाओरडा करू नये. उलट महिनाभर रोज तेच दिसत असेल तर 'अजून डेटा कुठे आहे' म्हणत बसणंही बरोबर नाही.

तिसरी खूण आकड्यांत येत नाही, ती साइडबोर्डात दिसते. साइडबोर्डातली सहा-सात कार्डं एकाच डेकसाठी राखून ठेवावी लागत असतील, किंवा ती थेट मेनबोर्डात शिरली असतील, तर तो डेक जिंकत नसला तरी सगळ्यांच्या डेकमध्ये येऊन बसलेला आहे.

डेक दोषी आहे हे पटलं. त्यातलं कोणतं कार्ड काढायचं?

खरा वाद इथे आहे, आणि अधिकृत निर्णयसुद्धा इथेच चुकले आहेत.

डेकचे तीन भाग पाडा. इंजिन म्हणजे सगळं फिरवणारं कार्ड. इंधन म्हणजे इंजिनाला लवकर चालू करणारी स्वस्त कार्डं. फळ म्हणजे ज्याने शेवटी डाव जिंकला जातो. आता प्रत्येक कार्डावर हात ठेवून विचारा: हे काढलं तर त्या जागी दुसरं काय येईल? फळ बहुतेक वेळा सहज बदलता येतं, इंजिन क्वचितच.

२०१९ च्या उन्हाळ्यातलं होगाक प्रकरण याचा चांगला धडा आहे. जूनमध्ये 'मॉडर्न होरायझन्स'मध्ये 'होगाक, अरायझन नेक्रोपोलिस' आलं. ८/८, ट्रॅम्पल (आडव्या आलेल्या क्रीचरला मारून उरलेला मार थेट खेळाडूला), आणि मॅना भरून ते टाकताच येत नाही. क्रीचर टॅप (आडवी) करायची, ग्रेव्हयार्डातली (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातली) कार्डं हद्दपार करायची, आणि ते ग्रेव्हयार्डातूनसुद्धा येतं. ८ जुलैला बंदी आली ती 'ब्रिज फ्रॉम बिलो'वर. विचार असा होता की सगळ्यांत झटपट विजय ब्रिजच्या झॉम्बींमुळे मिळतात, ते गेले की डेक माणसात येईल. खेळाडूंनी ब्रिज काढलं, त्या जागी सरळ हल्ला करणारी कार्डं घातली, आणि जुलैअखेर बार्सिलोनाच्या मिथिक चॅम्पियनशिपमध्ये होगाक हाच सर्वाधिक खेळला गेलेला डेक होता. शेवटी ऑगस्टअखेर होगाक गेलं. सोबत 'फेथलेस लूटिंग'ही गेलं, कारण ते एका मॅनाचं इंधन होगाकच्या आधीही कितीतरी ग्रेव्हयार्ड डेकांना पेटवत आलं होतं. इथे ब्रिज हे फळ होतं, होगाक इंजिन आणि लूटिंग इंधन. पहिल्या बंदीने फळ तोडलं आणि झाड तसंच ठेवलं.

उलटी चूकही होते. मिरोडिन सेटच्या काळातल्या, आर्टिफॅक्टवर चालणाऱ्या अ‍ॅफिनिटी डेकमधून जून २००४ मध्ये 'स्कलक्लॅम्प' काढलं. एक मॅना देऊन टाकायचं, एक मॅना देऊन क्रीचरला लावायचं. क्रीचरला +१/-१ मिळतो आणि ते मेलं की दोन कार्डं ओढायची. तो वजा एक वाचायला तोटा वाटतो. प्रत्यक्षात १/१ क्रीचर लावताक्षणी मरतं, म्हणजे एका मॅनाला दोन कार्डं. स्कलक्लॅम्प गेलं तरी अ‍ॅफिनिटी थांबला नाही. मार्च २००५ मध्ये एकदम आठ कार्डं काढावी लागली: आर्कबाउंड रॅव्हेजर, डिसायपल ऑफ द व्हॉल्ट आणि सहा आर्टिफॅक्ट लँड (मॅना देणारी, पण आर्टिफॅक्टही असलेली कार्डं). तोवर बरेच लोक स्टँडर्ड सोडून गेले होते. आजार लँडमध्ये मुरलेला असेल तर एकेक कार्ड उपटण्यात वर्ष वाया जातं.

दोन कार्डांच्या कॉम्बोत सूत्र सोपं असतं: दोघांतलं जे कार्ड इतर डेकांत कमी वापरलं जातं आणि पुढे पुन्हा गोत्यात आणण्याची शक्यता जास्त, ते काढा.

एक काढलं की दुसरं डोकं वर काढतं. मग एकेक काढायचं की एकदम?

ऑक्टोबर २०१९ मध्ये स्टँडर्डमधून 'फील्ड ऑफ द डेड' गेलं आणि महिन्याच्या आत ओकोने ती जागा घेतली. फील्डच्या सावलीत तो आधीपासून बसलेला होता. नोव्हेंबरमध्ये ओकोबरोबर 'वन्स अपॉन अ टाइम' आणि 'व्हेल ऑफ समर'ही गेली. ३० जून २०२५ ला तर स्टँडर्डमधून सात कार्डं एका दमात गेली. त्यात 'कोरी-स्टील कटर' आणि 'मॉन्स्ट्रस रेज' होतीच, पण 'अबुएलोज अवेकनिंग'सारखी, वरचे डेक गेल्यावर माजतील अशी कार्डंही होती. आमच्या मते हेच योग्य. बंदी सुचवताना 'यानंतर पहिल्या नंबरावर कोण येईल?' याचं उत्तर सोबत नसेल तर सूचना अपुरी आहे.

किती दिवस थांबावं?

उतारा शक्य असेल तर थांबा, शक्यच नसेल तर थांबू नका. एप्रिल २०१७ मध्ये स्टँडर्डमध्ये काही बदल नाही असं जाहीर झालं आणि दोनच दिवसांनी 'फेलिडार गार्डियन'वर बंदी आली. ते आणि 'साहिली राय' एकत्र आले की चौथ्या वळणाला अगणित मांजरं हल्ल्याला तयार! जाहीर वेळापत्रक मोडल्याबद्दल टीका झाली, पण कार्ड ठेवलं असतं तर आणखी झाली असती. ओकोला सेट आल्यापासून सहा आठवड्यांत बाहेर काढलं. 'नाडू, विंग्ड विजडम'ने २०२४ च्या जूनअखेरीस अ‍ॅमस्टरडॅमची प्रो टूर जिंकली, तरी बंदी २६ ऑगस्टला आली. मधले दोन महिने मॉडर्न स्पर्धांत लोक समोरच्याचं एकेक वळण संपायची वाट पाहत होते. २०२३ पासून स्टँडर्डमध्ये सेट दोनऐवजी तीन वर्षं राहतात, म्हणजे 'रोटेशनमध्ये (जुने सेट फॉरमॅटबाहेर पडतात तेव्हा) आपोआप जाईल' हा जुना दिलासाही पातळ झाला आहे.

बंदी न घालता कार्डच बदलता येत नाही का?

अरीना या मॅजिकच्या ऑनलाइन खेळातल्या डिजिटल फॉरमॅटांत येतं आणि तसं करतातही. छापील कार्डावरचा मजकूर लोकांच्या हातात असतो. तो बदलला तर टेबलावर प्रत्येक वेळी फोन काढून वाचावं लागेल. कम्पॅनियन हा मोठा अपवाद: १ जून २०२० पासून, कम्पॅनियन हातात घ्यायला आधी तीन मॅना भरायचे असा नियमच बदलला.

कार्ड फार महाग आहे, म्हणून बंदी मागता येईल का? आणि बंदीने पैसे बुडतात त्याचं काय?

किंमत हे बंदीचं कारण होत नाही. त्यावर पुनर्मुद्रण हा उपाय आहे. पैसे मात्र खरंच बुडतात. २३ सप्टेंबर २०२४ ला कमांडर या चौघांनी खेळायच्या फॉरमॅटात मॅना क्रिप्ट, ज्युएल्ड लोटस, डॉकसाइड एक्सटॉर्शनिस्ट आणि नाडू यांवर बंदी आली. निर्णय घेणाऱ्या स्वयंसेवक समितीला इतक्या धमक्या आल्या की आठवड्याभरात फॉरमॅटची जबाबदारी मॅजिक बनवणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीकडे गेली. बंदी पटो न पटो, हे लाजिरवाणं होतं. महागडं कार्ड घेताना ते कोणत्या फॉरमॅटात वादात आहे हे बघा, आणि निव्वळ अफवेवर विकायची घाई करू नका.

कमांडरला हेच निकष लावायचे का?

नाही. १०० कार्डांचा डेक, प्रत्येकाचा एकच नग, चार खेळाडू, प्रत्येकाला ४० लाइफ (जीव). जिंकण्याच्या टक्केवारीला तिथे फारसा अर्थ नाही, कारण एक पुढे गेला की तिघं मिळून त्याला खाली ओढतात. तिथला प्रश्न असतो तो चौघांच्या अपेक्षा जुळतात का हा. म्हणून आता पाच ब्रॅकेट (डेकच्या ताकदीच्या पायऱ्या) आणि 'गेम चेंजर' म्हणजे डाव फिरवणाऱ्या कार्डांची यादी आहे. आधी ब्रॅकेट ठरवा, बंदीचं नंतर बघा.

बंदी उठवण्याची मागणी कशी मांडावी?

'आता बाकीची कार्डंही ताकदवान झालीत' एवढ्यावर भागत नाही. त्या कार्डाविरुद्ध तेव्हा नसलेला पण आज असलेला स्वस्त उतारा नावानिशी दाखवा. 'जेस, द माइंड स्कल्प्टर' २०१८ मध्ये मॉडर्नमध्ये आला तेव्हा काहींना आभाळ कोसळेल असं वाटलं होतं. काही झालं नाही. 'स्प्लिंटर ट्विन' जानेवारी २०१६ मध्ये गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये परतलं. पण 'गोलगारी ग्रेव्ह-ट्रोल' जानेवारी २०१५ ला सोडलं आणि दोनच वर्षांत पुन्हा आत टाकावं लागलं. ड्रेज (नवं कार्ड ओढण्याऐवजी ग्रेव्हयार्डातलं कार्ड परत हातात घेणं) हा त्याचा गुण साध्या उताऱ्याला जुमानत नाही, आणि दर नव्या सेटबरोबर त्याला नवं इंधन मिळतं.

आमच्या दहा-बारा जणांच्या गटात स्वतःची बंदी यादी करायची आहे. कशी करावी?

अधिकृत यादी पाया धरा आणि वर तीनपेक्षा जास्त कार्डं चढवू नका, नाहीतर बाहेरच्या स्पर्धेत जाणाऱ्यांना दोन दोन डेक बांधावे लागतात. आठ आठवडे नोंद ठेवा: तारीख, दोन्ही डेक, कोण आधी खेळलं, निकाल, आणि वादातलं कार्ड डावात दिसलं का. शेवटचा रकाना लोक विसरतात, आणि सगळ्यांत उपयोगी तोच. कार्ड न दिसताही डेक तितकाच जिंकत असेल तर गुन्हेगार दुसराच कुणी आहे.

आकड्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. १२ जण, आठवड्याला ४ फेऱ्या, तिघांकडे संशयित डेक: मिरर वगळून आठ आठवड्यांत त्याचे जेमतेम ७५ ते ८० सामने भरतात. चूक ११ टक्क्यांची. म्हणून नोंदीबरोबर प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारा: 'या कार्डामुळे तुम्ही डेकमधून काय काढलंत?' आठ जणांची उत्तरं सारखी आली तर पुरावा मिळाला.

मत चिठ्ठीने घ्या, दोन तृतीयांश बहुमत लावा. ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्यालाही मत द्या. बंदी सहा आठवड्यांच्या चाचणीवर घाला, आणि ती आपोआप संपेल अशी तारीख आधीच लिहा. नाहीतर तात्पुरती बंदी वर्षानुवर्षं राहते आणि का घातली हे कुणालाच आठवत नाही.

बंदी जाहीर झाली आणि शनिवारी स्पर्धा आहे. काय करू?

आधी लागू होण्याची तारीख वाचा. कागदावर आणि अरीनावर ती वेगळी असू शकते. मग मेनबोर्ड, साइडबोर्ड आणि लिहून दिलेली डेकलिस्ट अशा तिन्ही जागा तपासा. चुका बहुतेक साइडबोर्डात राहतात, आणि बंदी असलेलं कार्ड सापडलं तर डाव हातचा जाऊ शकतो. काढलेल्या चारांच्या जागी चार घालून ६० पुन्हा मोजा. गेलेल्या डेकसाठी साइडबोर्डात राखलेली कार्डंही बदला. बंदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्मे लोक मेलेल्या डेकविरुद्ध तयारी करून येतात. अरीनावर खेळत असाल तर बंदीची भरपाई म्हणून त्याच दर्जाची वाइल्डकार्ड (हवं ते कार्ड घेता येणारी) खात्यात जमा झाली का, तेवढं बघून घ्या.